जुनी मराठी वेबपाने युनिकोडमध्ये आणताना: ग्राहकांसाठी माहिती

शिवाजी, किरण, श्रीलिपी अशा फॉन्टमधल्या जुन्या पानांवर मराठी दिसते, पण फाइलमध्ये असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे; युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) खरी देवनागरी अक्षरे साठवली जातात. त्या रोमन अक्षरांना देवनागरी रूप देतो तो फॉन्ट टॅगच्या (पानाच्या कोडमधली, मजकुराचा फॉन्ट सांगणारी खूण) ‘फेस’ या भागात लिहिलेला फॉन्ट. म्हणून हे टॅग कचरा समजून आधीच काढू नका. ते गेले की मराठी कुठे आणि इंग्रजी कुठे, हे सांगणारी खूणच जाते.

नोटपॅडमधले फाइंड-रिप्लेसही इथे घातक. टॅगची नावे, लिंकचे पत्ते त्याच रोमन अक्षरांत असल्याने तेही बदलतात. आम्ही पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची ब्यूटिफुल सूप ही लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरतो. ती पानातले टॅग आणि मजकूर वेगळे करते. मग तिच्या फाइंड-ऑल या आज्ञेने ठरावीक फेसचे टॅग शोधायचे आणि फक्त त्यांच्या पोटातला मजकूर बदलायचा.

पार्सर, म्हणजे पानाचा कोड वाचून त्याची रचना लावणारा भाग, एचटीएमएल५लिब. तो हळू चालतो, तरी आमची पसंती त्यालाच. जुन्या पानांत फॉन्ट टॅग बंद करायचा राहिलेला असतो. ब्राउझर तो पुढच्या परिच्छेदात पुन्हा उघडतो आणि हा पार्सरही तसेच करतो. फाइल कच्च्या बाइट्स म्हणून द्यायची आणि एन्कोडिंग (कोणता बाइट म्हणजे कोणते अक्षर, हे ठरवणारा तक्ता) स्वतः सांगायचे: विंडोज-१२५२. पानावर आयएसओ-८८५९-१ हे दुसरे एन्कोडिंग लिहिलेले असले आणि तेच मानले, तर काही अक्षरे न दिसणारी नियंत्रण-चिन्हे होऊन बसतात.

खरी कसोटी वेलांटीची. या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर येते. ‘किल्ला’ची वेलांटी आतल्या रंगाच्या टॅगमध्ये आणि ‘क’ बाहेर असेल, तर तुकड्यातुकड्याने केलेले रूपांतर चुकते. आधी आतला टॅग लायब्ररीच्या अनरॅप या आज्ञेने सोडवायचा (टॅग जातो, मजकूर राहतो), स्मूदने मजकुराचे तुकडे जोडायचे, मग मजकूर बदलायचा. त्या अक्षराचा रंग जातो. शब्द शुद्ध राहणे जास्त महत्त्वाचे.

बाहेरचा फॉन्ट टॅग सगळ्यात शेवटी काढतो. फाइल यूटीएफ-८ या युनिकोड एन्कोडिंगमध्ये साठवतो, पण कोड नीट मांडून दाखवणारी प्रेटिफाय ही सोय वापरत नाही. ती प्रत्येक टॅग नव्या ओळीवर टाकते, त्यामुळे जाड ठशातल्या ‘पुणे’नंतरच्या स्वल्पविरामाआधी मोकळी जागा दिसू लागते.

आम्हाला सर्व्हरवरच्या मूळ फाइल द्या. ब्राउझरमधून ‘सेव्ह ॲज’ केलेल्या नकोत, त्यांत फेरफार झालेले असतात. स्टाइलशीट (पानाचे रूप ठरवणारी फाइल) आणि फॉन्टची फाइलही हवी, कारण एकाच नावाच्या फॉन्टच्या दोन आवृत्त्यांत अक्षरांच्या जागा वेगळ्या असू शकतात. प्रत्येक प्रकारचे एक पान आधी बदलून पाठवू. त्यातले रफार आणि जोडाक्षरे वाचून कळवा, म्हणजे बाकीची पाने हाती घेऊ.