नेटवर्कमधल्या रहदारीचे गणित: टेलिफोन एक्स्चेंज, इथरनेट आणि नाईल नदी

नेटवर्कवरची रहदारी गणितात मांडायला सुरुवात झाली ती संगणकाच्या कितीतरी आधी. आग्नर क्रारुप एर्लांग हा डॅनिश गणितज्ञ १९०८ साली कोपनहेगन टेलिफोन कंपनीत रुजू झाला. प्रश्न व्यवहारातला होता: एक्स्चेंजला किती लाइनी दिल्या म्हणजे बहुतेकांचा फोन लागेल आणि पैसाही वाया जाणार नाही? कॉल एकमेकांशी संबंध न ठेवता येतात, त्यामुळे त्यांची संख्या पॉयसन वितरणाने (ठराविक वेळात स्वतंत्र घटना किती घडतील याची शक्यता सांगणाऱ्या सूत्राने) मांडता येते, हे त्याने १९०९ मध्ये दाखवले. फोन न लागण्याची आणि ताटकळण्याची शक्यता काढणारी सूत्रे १९१७ मध्ये आली. टेलिफोनवरचा भार आजही ‘एर्लांग’मध्येच मोजतात.

साठच्या दशकात लेनर्ड क्लाइनरॉक यांनी एमआयटीतल्या पीएचडीसाठी हेच रांगांचे गणित संदेशांच्या जाळ्याला लावले. संदेश पुढच्या नोडवर (जाळ्यातल्या पुढच्या टप्प्यावर) गेला तरी त्याची लांबी तीच राहते, म्हणून रांगा एकमेकींत गुंततात आणि समीकरणे सुटत नाहीत. त्यांनी मग प्रत्येक नोडवर लांबी नव्याने ठरते असे मानले. गृहीतक उघडच खोटे, पण उत्तरे उपयोगी पडली.

पॉयसनला खरा धक्का बसला तो मोजमापातून. न्यू जर्सीतल्या बेलकोर या टेलिफोन संशोधन संस्थेत विल लेलंड आणि डॅनियल विल्सन यांनी १९८९ पासून इथरनेटवरच्या, म्हणजे जवळजवळचे संगणक जोडणाऱ्या जाळ्यावरच्या, कोट्यवधी पॅकेटांच्या (माहितीच्या छोट्या तुकड्यांच्या) वेळा नोंदवल्या. मुराद तक्कू आणि वॉल्टर विलिंगर यांच्यासह केलेले विश्लेषण १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. पॉयसन रहदारीत मोजण्याचा कालखंड वाढवला की चढउतार एकमेकांना खोडतात आणि आलेख सपाट होतो. इथे तो सपाट होईना. सेकंदाच्या शंभराव्या भागाने मोजा की शंभर सेकंदांनी, खडबडीतपणा तसाच!

हा चिवटपणा मोजायचे माप नाईल नदीवर तयार झाले होते, हा या इतिहासातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग. इजिप्तमध्ये काम करणारे ब्रिटिश जलशास्त्रज्ञ हॅरल्ड हर्स्ट धरणाचा साठा किती हवा हे शोधत होते. भरपूर पाण्याची वर्षे एकामागोमाग येतात, कोरडीही तशीच, हे त्यांना जुन्या नोंदींत दिसले. त्यांचा निबंध १९५१ चा. गणितज्ञ बेन्वा मॅंडेलब्रॉट यांनी पुढे त्याला गणिती पाया दिला. जलाशय आणि राउटरचा बफर (पॅकेटे पुढे पाठवणाऱ्या यंत्रातली, ती तात्पुरती साठवण्याची जागा) यांचा प्रश्न मुळात एकच: येणारा लोंढा साठवायला जागा किती लागेल?

१९९५ मध्ये व्हर्न पॅक्सन आणि सॅली फ्लॉइड यांनी दूरच्या पल्ल्याच्या रहदारीतही हाच प्रकार दाखवला. माणसे टेलनेटवर (दूरच्या संगणकावर काम करण्याच्या जुन्या सोयीवर) लॉगिन करतात ती मात्र पॉयसनप्रमाणेच; बिघडतो तो त्यानंतरच्या पॅकेटांचा हिशेब. एक मोठे कारण मार्क क्रोव्हेला आणि अझर बेस्टाव्ह्रोस यांनी वेबच्या नोंदींतून दाखवले: बहुतेक फाइली लहान, पण मोजक्या प्रचंड मोठ्या, आणि त्या लाइन दीर्घकाळ अडवून धरतात. अशा रहदारीत बफर वाढवत नेला तरी पॅकेट गळणे फार सावकाश कमी होते. म्हणून नुसती मेमरी वाढवून भागत नाही. लाइनची क्षमताच सरासरीपेक्षा बरीच जास्त ठेवावी लागते.