खुपऱ्यांच्या निर्मूलनाची मान्यता : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा मार्ग

खुपऱ्या, म्हणजेच ट्रॅकोमा, हा डोळ्यांचा जीवाणूजन्य रोग आता आपल्या देशात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरलेला नाही, अशी मान्यता जागतिक आरोग्य संघटनेकडून मिळवण्यासाठी देशाच्या आरोग्य मंत्रालयालाच अर्ज करावा लागतो. जिल्हा, रुग्णालय किंवा स्वयंसेवी संस्था यांना तो स्वतंत्रपणे करता येत नाही. मान्यता मिळाली म्हणजे जीवाणू नाहीसा झाला, असे मात्र नाही, आणि बातम्यांमध्ये नेमका हाच घोळ होतो. हा संसर्ग डोळ्या-नाकाच्या स्रावातून, हात, कपडे आणि माश्यांमार्फत पसरतो. लहानपणी तो वारंवार झाला की वरच्या पापणीला आतून व्रण पडतात, कालांतराने पापणीचे केस आत वळून बुबुळावर घासत राहतात आणि दृष्टी जाते. म्हणूनच पात्रता ठरवताना लहान मुले आणि प्रौढ यांची मोजणी वेगवेगळी होते.

पूर्वी रोगग्रस्त असलेल्या प्रत्येक जिल्ह्यात १ ते ९ वर्षांच्या मुलांमध्ये सक्रिय खुपऱ्यांचे प्रमाण ५ टक्क्यांपेक्षा कमी असावे लागते आणि सामूहिक औषधवाटप बंद असताना किमान दोन वर्षे ते तसेच टिकावे लागते. १५ वर्षे व त्यापुढील वयाच्या व्यक्तींमध्ये केस आत वळलेल्या, पण आरोग्य यंत्रणेला माहीत नसलेल्या रुग्णांचे प्रमाण ०.२ टक्क्यांच्या खाली हवे. नवे रुग्ण शोधून त्यांच्यावर उपचार करणारी यंत्रणा आणि तिच्यासाठी निधीची तरतूद, ही तिसरी अट आहे. देशाची सरासरी येथे चालत नाही. एक जिल्हा मागे राहिला तरी अर्ज अडतो.

हे आकडे घरोघरच्या सर्वेक्षणातून येतात. प्रशिक्षित तपासनीस अडीच पट मोठे दाखवणारे भिंग लावून मुलाची वरची पापणी उलटवतो आणि तिच्या मध्यभागी किमान अर्ध्या मिलिमीटरचे पाच किंवा अधिक दाणे दिसले, तरच सक्रिय रोगाची नोंद करतो. प्रौढांमध्ये वरच्या पापणीचा एक जरी केस नेत्रगोलाला टेकत असेल, किंवा टोचणारे केस नुकतेच उपटल्याच्या खुणा असतील, तर तो रुग्ण धरला जातो. ॲझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाच्या शेवटच्या सामूहिक वाटपानंतर किमान सहा महिन्यांनी परिणाम-सर्वेक्षण आणि त्यानंतर किमान दोन वर्षांनी देखरेख-सर्वेक्षण, हा क्रम बदलता येत नाही.

अर्जासोबत संघटनेच्या ठरावीक नमुन्यातील सविस्तर अहवाल आणि जिल्हानिहाय आकडेवारीचा तक्ता जोडावा लागतो. अहवालात रोगाचा इतिहास, सर्वेक्षणांची पद्धत, शस्त्रक्रिया, औषधवाटप, चेहऱ्याची स्वच्छता, पाणी व शौचालये यांवरील काम आणि पुढील देखरेखीची व्यवस्था यांचा समावेश असतो. माझ्या मते सर्वांत जास्त कस लागतो तो रुग्णांच्या नोंदवहीचा. शस्त्रक्रियेनंतर ज्यांचे केस पुन्हा वळले, ज्यांनी शस्त्रक्रिया नाकारली किंवा ज्यांना तारीख दिलेली आहे, असे रुग्ण यंत्रणेला ‘माहीत’ असलेले मानले जातात आणि त्या ०.२ टक्क्यांत मोजले जात नाहीत. परंतु त्यासाठी प्रत्येकाची लेखी नोंद दाखवता आली पाहिजे.

तयार प्रस्ताव संघटनेच्या देशातील कार्यालयामार्फत प्रादेशिक कार्यालयाकडे जातो. तेथे नेमलेला तज्ज्ञ गट तो तपासून मान्यतेची किंवा निर्णय पुढे ढकलण्याची शिफारस करतो. पुढे ढकलल्यास त्रुटी दूर करून प्रस्ताव पुन्हा पाठवता येतो. ओमानला २०१२ मध्ये, नेपाळ आणि घानाला २०१८ मध्ये, तर भारताला २०२४ मध्ये ही मान्यता मिळाली. मान्यतेनंतरही देखरेख चालू ठेवावी लागते, कारण बालपणीच्या संसर्गाचे व्रण असलेल्या प्रौढांचे केस पुढे कित्येक वर्षे वळत राहतात.