बंद वाडा रिकामा करताना: आधी हवा, मग पाणी

मराठवाड्यात वर्षानुवर्षं कुलूप असलेल्या घरांची गावोगावी कमी नाही. मुलं पुण्याला किंवा संभाजीनगरला, म्हातारी माणसं गेलेली. मग एखाद्या उन्हाळ्यात वाडा रिकामा करून नवं बांधायचं ठरतं. रोजंदारीवर चार माणसं येतात, दारात ट्रॅक्टरची ट्रॉली लागते आणि थेट उचलाउचल सुरू होते. धोका होतो तो बहुतेक वेळा या घाईतच. बंद घरात पहिल्या तासात काहीच उचलायचं नसतं.

कुलूप काढल्यावर समोरासमोरची दारं-खिडक्या सताड उघडा आणि किमान अर्धा-पाऊण तास सगळ्यांनी बाहेर थांबा. हवा एका बाजूने आत येऊन दुसऱ्या बाजूने बाहेर गेली पाहिजे. एकच दार उघडून कोपऱ्यातली हवा हलत नाही. धान्याची खोली, कणग्या, बळद (भिंतीत बांधलेली धान्याची कोठी) यांची झाकणं मात्र आत्ताच उघडू नका. त्यांना वेगळी खबरदारी लागते, कारण तिथे सल्फासच्या गोळ्या असू शकतात.

ज्वारी-तुरीला कीड लागू नये म्हणून टाकली जाणारी ही गोळी म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि कीड तोच वायू मारतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण १ ग्रॅम फॉस्फिन निघतो. हिशेब करून पाहा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच बंद खोलीत एका गोळीचा सगळा वायू पसरला, तर हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे २५ भाग होतात. आठ तास काम करणाऱ्या माणसासाठी सर्रास धरली जाणारी मर्यादा ०.३ भाग आहे, म्हणजे हे प्रमाण तिच्या ऐंशीपटीच्या आसपास. लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास आला तर लगेच बाहेर पडा. पण वास नाही म्हणजे वायू नाही, असं समजू नका.

इथेच एक चांगली सवय उलटते. धूळ बसावी म्हणून आपण आधी पाणी शिंपडतो. पण कणगीच्या तळाशी उरलेल्या राखाडी भुकटीत न विरघळलेली गोळी असेल, तर पाणी पडताच जो वायू हळूहळू सुटला असता तो एकदम सुटतो, प्रसंगी पेटही घेतो. म्हणून धान्याच्या जागी पाणी अजिबात नको. भुकटी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणंही चूक, कारण आत वायू साठतो. गोळ्यांची न उघडलेली नळी सापडली तर ती न उघडता कोरड्या, मोकळ्या, सावलीच्या जागी वेगळी ठेवा आणि परवानाधारक कीडनियंत्रणवाल्याला बोलवा. या वायूवर उतारा नाही. मळमळ, छातीत आवळल्यासारखं, चक्कर असं काही झालं की माणसाला मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना 'सल्फास' हा शब्द स्पष्ट सांगा.

पेव असेल तर आणखी सावध राहा. जमिनीत खणलेल्या या कोठारात धान्य, बुरशी आणि कुजका कचरा प्राणवायू वापरत राहतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो हवेच्या दीडपट जड असल्याने तळाशी बसून राहतो. हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. तो १० टक्क्यांच्या खाली गेला की माणूस ओरडायच्या आत कोसळतो. कंदील सोडून बघायची जुनी रीत अपुरी आहे, कारण विषारी वायू ज्योत विझवत नाही. अनेकदा पहिल्याला काढायला धावलेल्या दुसऱ्याचाही जीव जातो. म्हणून पेवात उतरायचंच नाही. नको असलेलं पेव वरूनच मुरूम टाकून बुजवता येतं, त्यासाठी आत माणूस लागत नाही.

हवेचं झालं की बाकीच्या खोल्यांत धूळ बसवायला पाणी. त्याआधी मेन स्विच बंद करा. जुन्या वायरिंगवर फवारा मारणं म्हणजे शॉकला बोलावणं. शेतातला औषधाचा पंप वापरू नका, त्यात कीटकनाशक उरलेलं असतं. नवा पंप किंवा छिद्राचा डबा घ्या. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरात पांढरी माती सतत गळत असते, वर उंदरांच्या लेंड्या आणि वटवाघळांची विष्ठा. फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारा कण ४-५ मायक्रॉनपेक्षा लहान असतो, तर केसाची जाडी ७० मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे जी धूळ डोळ्याला दिसतही नाही तीच खोल उतरते. तोंडाला बांधलेला गमछा ती अडवत नाही. एन-९५ मास्क अडवतो, तोही गालाला घट्ट बसला तर. दाढीवर तो नीट बसत नाही. आणि हा मास्क वायूसाठी बिनकामाचा आहे, हे प्रत्येक मजुराला आधीच सांगा. लेंड्या झाडण्याआधी ओल्या करा, दहा मिनिटं थांबा, मग गोळा करा. ब्लीचिंगचं पाणी वापरलं तर त्यात संडास धुवायचं ॲसिड मिसळू नका, क्लोरीन सुटतो.

मग हात. जिथे नजर पोचत नाही तिथे बोटं घालायची नाहीत. गोधड्यांची चळत, सरपण, पत्र्याखालच्या विटा आधी काठीने किंवा लोखंडी आकड्याने सरकवा. लाल विंचू अशाच जागी असतो. तो चावल्यावर घाम, उलटी, हातपाय गार पडणं अशी लक्षणं दिसली तर गावठी उपायात वेळ घालवू नका. प्राझोसिन हे औषध वेळेवर मिळालं तर जीव वाचतो. हा उपचार जगापुढे आणणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले. चामड्याचे हातमोजे, जाड तळव्याचे बूट आणि धनुर्वाताचं इंजेक्शन, एवढं प्रत्येकाला हवंच. चपलेत हे काम होत नाही.

सागवानाला भाव येतो म्हणून खांब किंवा तुळई आधी ओढण्याचा मोह होतो. तसं करू नका. माळवदाची माती एक फूट जाड धरली तरी चौरस मीटरला पाचशे किलोच्या घरात भार होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात असल्या जड छपरांनी आणि दगडमातीच्या भिंतींनीच माणसं चिरडली. भिंतीत गेलेलं तुळईचं टोक स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. वाळवीने पोखरलं असेल तर त्याखाली कोणी उभं राहू नये. माती वरून खाली, दोन्ही बाजूंनी सारखी उतरवा. लाकूड सगळ्यात शेवटी.

पोतं उचलतानाही गणित आहे. २५ किलोचं ओझं छातीपासून हातभर लांब धरलं तर पाठीच्या स्नायूंना जवळपास दहापट, म्हणजे २५० किलोच्या आसपास ताण सोसावा लागतो, कारण ते मणक्यापासून फक्त ५ सेंटिमीटरवरून ओढतात. पोटाला चिकटवून उचललं की हा ताण निम्म्याहून कमी होतो. लोखंडी कपाटाचे कप्पे आधी काढा आणि जिन्यावर वजनदार माणूस खालच्या बाजूला ठेवा.

जुने सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ते फोडू किंवा कापू नका. ओले करून हूक काढा, अख्खे उतरवा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ट्रॉलीत ठेवा. त्याच्या तंतूंनी होणारा आजार वीस-तीस वर्षांनी दिसतो आणि तंतू कपड्यांवरून घरच्यांपर्यंत पोचतात. म्हणून कामाचे कपडे तिथेच बदला आणि वेगळे भिजवा.