मल्टिमिडिया आणि मल्टिमोडल: मराठीच्या तासाला फरक कुठे पडतो

बी.एड.च्या सराव पाठाच्या टाचणात ‘शैक्षणिक साधने’ असा रकाना असतो. तिथे प्रोजेक्टर, ध्वनिफीत, चित्रं अशी नोंद होते आणि पद्धतीपुढे ‘मल्टिमोडल’, म्हणजे शब्द, चित्र, आवाज अशा अनेक मार्गांनी अर्थ घडवणारी, असं लिहिलं जातं. प्रत्यक्षात तो पाठ बहुतेक वेळा मल्टिमिडिया, म्हणजे अनेक माध्यमांतून मजकूर पोचवणारा असतो. नावं सारखी, दोन्हींत चित्र आणि आवाज, त्यामुळे गल्लत होणं साहजिक आहे. पण भाषेच्या शिक्षकानं हा फरक समजून घ्यायलाच हवा, कारण तासाला मुलं नुसती बघणार की भाषा घडवणार, हे त्यावरच ठरतं.

मल्टिमिडियात प्रश्न पोचवण्याचा असतो: हा मजकूर मुलांना चटकन कसा कळेल? रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाचं बरंच संशोधन यावर आहे. शब्दांच्या जोडीला नेमकं चित्र असलं की समज वाढते, असं ते सांगतं. मात्र चित्राबरोबर पडद्यावर वाक्यं दाखवून तीच जशीच्या तशी वाचून दाखवली, तर मुलांवरचा भार उलट वाढतो. स्लाइड वाचून दाखवणाऱ्या प्रत्येक छात्राध्यापकानं हे ध्यानात ठेवावं.

मल्टिमोडलमध्ये प्रश्न अर्थाचा असतो: कोणता अर्थ शब्दानं आला, कोणता चित्रानं, कोणता आवाजानं? 1996 मध्ये न्यू लंडन ग्रुप या अभ्यासकांच्या गटानं ‘हार्वर्ड एज्युकेशनल रिव्ह्यू’मध्ये हा विचार मांडला. भाषा, दृश्य, ध्वनी, हावभाव आणि जागेतली मांडणी हे अर्थ घडवण्याचे पाच मार्ग त्यांनी सांगितले आणि शाळेनं ते एकत्र वाचायला नि वापरायला शिकवावं, असा आग्रह धरला.

आपल्या नाशिकचंच उदाहरण घेऊ. आठवीचा वर्ग, विषय गोदावरीचा पूर. मल्टिमिडियाच्या पाठात पुरावरचा उतारा पडद्यावर येतो, मागून वाचन ऐकू येतं, शेजारी गोदावरीतल्या रामकुंडाचा फोटो असतो. पाठ चांगला होईल. पण वीज गेली तर शिक्षक तोच उतारा फळ्याजवळ उभं राहून वाचेल आणि फारसं काही हरवणार नाही.

आता मुलांसमोर तीन गोष्टी ठेवा. गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे ते सांगणारी बातमी, नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचा फोटो, आणि रामकुंड, भांडीबाजार, सराफ बाजार दाखवणारा हातानं काढलेला नकाशा. मग विचारा: यातली कोणती गोष्ट असं काय सांगते, जे बाकीच्या दोन सांगत नाहीत? एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर पाणी. हा आकडा धरणावरच्या माणसाला बोलका असतो. नाशिककर मात्र पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं की गळ्याशी आलं, यावरून पूर जोखतो. बाजारात पाणी आधी कुठे शिरेल याचा अंदाज नकाशा देतो. आणि ‘पाऊस असाच राहिला तर विसर्ग वाढवावा लागेल’ यातला ‘तर’ फक्त शब्दांनाच सांगता येतो. फोटोत ‘जर-तर’ मावत नाही. मुलांना हे उमगतं, तेव्हा संकेतार्थी वाक्य व्याकरणाच्या तासापुरतं राहत नाही.

खरी मजा मुलं स्वतः मजकूर करायला बसतात तेव्हा येते. काठच्या दुकानदारांना सावध करायचं आहे: एका गटानं रिक्षावरच्या भोंग्यासाठी घोषणा करायची, दुसऱ्यानं चौकात लावायची सूचना. पहिला गट आधी लिहितो, ‘धरणातून पाणी सोडण्यात येणार असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’ हे मोठ्यानं म्हणून पाहा. रिक्षा पुढे निघून जाते, तरी क्रियापद आलेलं नसतं. मग मुलंच तोडतात: ‘पाणी वाढतंय. माल वर घ्या. काठावरच्या गाड्या काढा.’ सूचनेत मात्र वेळ हवी, ठिकाण हवं, बाण काढलेला नकाशा हवा, आणि ‘सोडण्यात येणार आहे’ तिथे शोभतं. वाक्यरचना, आज्ञार्थ, प्रमाणभाषा आणि बोली, सगळं एका कामात येतं. म्हणून मल्टिमोडलची जागा टाचणात साधनांच्या रकान्यात नाही. ती उद्दिष्टांत आणि विद्यार्थी-कृतीत आहे.

याला प्रोजेक्टर लागलाच नाही. सुरगाणा-पेठकडच्या दुर्गम भागातल्या शाळेतही हे जमतं, आणि हे आपल्याला परकंही नाही. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेत कीर्तन ऐकलेल्या मुलाला निरूपण, अभंग, टाळ आणि बुवांचा उचललेला हात मिळून अर्थ कसा होतो, हे कुणी सांगावं लागत नाही.

याच ओघात आणखी एक घोटाळा होतो, तोही थांबवायला हवा. ‘हा मुलगा दृश्य पद्धतीनं शिकणारा, ती श्राव्य’ अशी वर्गवारी करून त्याला मल्टिमोडल म्हटलं जातं. शिकवण्याची पद्धत मुलाच्या अशा शैलीशी जुळवल्यानं फायदा होतो, याला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष 2008 च्या एका मोठ्या आढाव्यात निघाला. प्रत्येक मुलाला सगळेच मार्ग वाचता आले पाहिजेत.

मल्टिमिडिया कमी प्रतीचं आहे असं मुळीच नाही. शुद्ध उच्चार ऐकवायचा असेल, न पाहिलेली वस्तू दाखवायची असेल, तर तेच वापरावं. पण सराव पाठ मल्टिमोडल करायचा ठरवलाच, तर एका तासिकेत दोनच मार्ग घ्या, शब्द आणि आवाज किंवा शब्द आणि नकाशा, आणि गुण देताना चित्राच्या सुबकतेला देऊ नका. ‘हे शब्दांत का सांगितलंस आणि ते चित्रात का?’ एवढं विचारा आणि मुलाच्या उत्तराला गुण द्या.