‘आमची कोठेही शाखा नाही’ : ही पाटी उतरली कशी?

पुण्याच्या पेठांमधून हिंडताना एके काळी ही पाटी हमखास दिसायची. काही जुन्या दुकानांवर ती अजूनही आहे. बाहेरगावच्या लोकांनी तिच्यावर पुष्कळ विनोद केले, पण पाटी लावणाऱ्याला त्यात गमतीचे काही वाटत नव्हते. त्याचे म्हणणे सरळ होते : गल्ल्यावर मी स्वतः बसतो, मालाला मी जबाबदार आहे, आणि माझ्या नावाने दुसरीकडे कोणी काही विकत असेल तर ते माझे नाही. सातारच्या कंदी पेढ्याच्या दुकानांवरचे ‘मूळ’, ‘जुने’ हे शब्दही याच काळजीतून आले.

आता त्याच महाराष्ट्रात गावच्या दुकानाचे नाव आठ-दहा शहरांत झळकते आणि कॅरीबॅगवर शाखांची यादी छापलेली असते. हा बदल कसा झाला ते पाहायचे तर सांगलीकडच्या दोन घराण्यांकडे पाहावे. एक सोन्याचे, दुसरे दुधाचे. सोने वर्षानुवर्षे टिकते, दूध दुपारपर्यंत नासते. म्हणून दोघांच्या वाटा शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

१८०१ च्या सुमारास चिंतामणराव पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले आणि कृष्णाकाठच्या सांगलीला त्यांनी आपली राजधानी केली. राजधानी म्हटली की दरबार आला, सावकार आले, सराफ आले. १८३२ साली गणेश नारायण गाडगीळ यांनी सांगलीत दागिन्यांचा व्यवसाय सुरू केला. (त्याच्या पाच वर्षे आधी, १८२७ मध्ये, बारामतीला चंदुकाका सराफांची पेढी सुरू झाली होती. संस्थानी आणि तालुक्याच्या गावांतली सराफी किती जुनी आहे, याचा यावरून अंदाज येतो.) पुढे ‘पु. ना. गाडगीळ’ या नावाने ओळखली गेलेली ही पेढी सव्वाशे वर्षे सांगलीतच राहिली. तेव्हाच्या सराफीत याचे नवल नव्हते.

कारण सोन्याचा धंदा ओळखीवर चालत असे. सराफाकडे माणूस एकदा जाऊन थांबत नाही. मुलीच्या लग्नाला पाटल्या करतो, अडचणीत त्याच पाटल्या गहाण ठेवतो, नातीच्या वेळी त्या मोडून नव्या घडवतो. डाग, म्हणजे दागिना, घेताना जो कस सांगितला तोच मोडीच्या वेळी मान्य होईल का, घट किती धरतील, हे दुकान बदलले की बदलायचे. म्हणून लोक आपल्या सराफाला धरून राहत. सराफालाही घराघरांची पत तोंडपाठ असे. दुसऱ्या शहरात दुकान थाटायचे म्हणजे ही सगळी ओळख शून्यापासून उभी करायची. ते धाडस करायला काही कारण लागते.

ते कारण १९४८ नंतर तयार झाले, असे मला वाटते. मार्च १९४८ मध्ये सांगली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजधानीचे गाव जिल्ह्याचे गाव झाले, तेही आधी ‘दक्षिण सातारा’ या नावाच्या जिल्ह्याचे. सांगली जिल्हा हे नाव मिळायला १९६० उजाडले. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत दक्षिण महाराष्ट्रातली अनेक ब्राह्मण कुटुंबे वाडे सोडून पुण्या-मुंबईला निघून गेली. कूळकायद्याने जमिनीवरची मिळकत आटली. बाकीच्यांना शिक्षण, नोकऱ्या आणि कारखाने पुण्याकडे ओढत होते. म्हणजे गिऱ्हाईक आधी गेले आणि दुकान त्याच्या मागून गेले. गावच्या धंद्याच्या विस्ताराचा इतिहास लिहिताना आपण मालकाच्या जिद्दीपासून सुरुवात करतो. त्या जिद्दीचे मोल आहेच. पण नव्या शहरात पहिल्या दिवशी दुकानाची पायरी चढणारा ‘अरे, हे तर आपल्या सांगलीचे’ म्हणणारा माणूस असावा लागतो, आणि तो फाळण्या, विलीनीकरणे, दुष्काळ, कारखाने अशा मोठ्या उलथापालथींतून तिथे पोचलेला असतो.

१९५८ मध्ये अनंत गणेश गाडगीळ, म्हणजे सगळ्या पुण्याचे दाजीकाका, यांनी लक्ष्मी रस्त्यावर दुकान सुरू केले. दुकानाला पाच वर्षे होतात न होतात तोच, जानेवारी १९६३ मध्ये, सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. चीनशी झालेल्या युद्धानंतर परकीय चलन वाचवण्यासाठी सरकारने १४ कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे दागिने घडवायला बंदी केली. २२ कॅरटवर हात बसलेल्या कारागिरांवर उपासमारीची पाळी आली. १४ कॅरटची अट १९६६ मध्ये गेली, पण १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा, परवाने आणि सरकारी नोंदवह्या १९९० पर्यंत मानगुटीवर होत्या. सराफी पेढ्यांच्या शाखा भराभर वाढल्या त्या १९९० नंतर, यामागे हे एक मोठे आणि फारसे न सांगितले जाणारे कारण आहे. त्या मधल्या तीस वर्षांत सराफाला नाव जपणे एवढेच हातात होते. गुरुपुष्यामृताला चोख सोन्याची वेढणी, म्हणजे साधे वळे, घ्यायची, ती डब्यात साठवायची आणि पुढे दागिना करताना परत आणायची, ही मध्यमवर्गीय घरांची सवय अशा नावांवरच्या भरवशावर रुजली.

दुधाची गोष्ट वेगळी आहे. भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ मध्ये भिलवडीला डेअरी सुरू केली. भिलवडी कृष्णेच्या काठी, म्हणजे जनावरांना पाणी आणि वैरण जवळ. शिवाय पुणे-मिरज लोहमार्गावर स्टेशन. पण स्टेशन असून प्रश्न संपत नाही. खेड्यात दूध मुबलक आणि घेणारा नाही, शहरात घेणारे हजार आणि दूध नाही, यात आडवा येतो तो वेळ. म्हणून उरलेल्या दुधाचा खवा आटवायचा, दह्याचा चक्का बांधायचा आणि तो शहराकडे धाडायचा. हा माल विकायला शहरात भरवशाचे माणूस हवे. १९५० मध्ये पुण्यात ‘चितळे बंधू’ सुरू झाले ते रघुनाथराव आणि नरसिंह या भावांच्या हातून. दूध उगमाशी, मुलगे बाजारात, अशी ही मांडणी होती.

या दोन्ही घरांत एक गोष्ट सारखी आहे. शाखा म्हणजे घरातले माणूस. दाजीकाका स्वतः पुण्याला आले, चितळ्यांचे मुलगे पुण्याला आले. पगारी व्यवस्थापक ठेवून गावाहून दुकान चालवावे, हे तेव्हा कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते. हिशेब, चव, कस, उधारी कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, हे सारे कागदावर नव्हते, माणसात होते. ते दुसऱ्या गावी न्यायचे तर माणूसच न्यावा लागे. दुकानाच्या नावातला ‘बंधू’ किंवा ‘आणि मंडळी’ हा शब्द म्हणजे त्या काळची विस्ताराची योजनाच होती.

बिकानेरचे उदाहरण याच धर्तीचे आणि नागपूरमुळे आपल्या घरचे. गंगाबिशन अग्रवाल, ज्यांना लोक हल्दीराम म्हणत, त्यांच्या भुजियाचा धंदा कोलकात्याला गेला, नागपूरला गेला, पुढे १९८० च्या दशकात दिल्लीला चांदणी चौकात पोचला, तो प्रत्येक वेळी घरातल्या एकेका माणसाबरोबर. पण भाऊ म्हणजे शाखा या पद्धतीची दुखरी बाजूही इथेच दिसली. भाऊ वेगळे झाले की नाव कोणाचे? कोलकाता आणि दिल्लीकडच्या शाखांमध्ये नावाच्या हक्कावरून वर्षानुवर्षे कोर्टकज्जे चालले. गाडगीळांच्या घरातही २०१२ मध्ये पुण्यातील व्यवसायाची वाटणी झाली आणि आज गाडगीळ या नावाने एकाहून अधिक स्वतंत्र कंपन्या चालतात. पिढ्या वाढतात तशी वाटणी होणारच, त्यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. मात्र नावालाही शेतासारखी हद्द आखावी लागते, हे गावच्या दुकानांना शहरात आल्यावर शिकावे लागले.

आता चवीचा मुद्दा, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. बाहेरगावी कोणता पदार्थ जातो? जो टिकतो तो. धारवाडचा पेढा आणि सातारचा कंदी पेढा गावाबाहेर गाजले, कारण त्यांचा खवा खरपूस भाजलेला असतो. बेळगावच्या कुंद्याचेही तेच. ओल्या खव्याची बर्फी त्याहून चवदार असेल, पण ती एसटीच्या टपावरून दुसऱ्या जिल्ह्यात पोचेपर्यंत आंबते. बिकानेरची भुजिया तर कोरडीच. चितळ्यांचे नाव दूरवर नेले ते दूध-चक्क्यापेक्षा १९७० च्या दशकात पुढे आलेल्या बाकरवडीने. मुळात गुजरातकडचा हा प्रकार मराठी जिभेला रुचेल असा तिखट-गोड-आंबट केला गेला. आधी तो हाताने लाटून, सारण पसरून, गुंडाळून, कापून तळायचे. मागणी वाढली तशी बाकरवडी यंत्रावर गेली. हाताची चव गेली अशी तक्रार करणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला ती तक्रार अर्धीच पटते. हाताने केलेली बाकरवडी एका दुकानापुरती होती आणि ती संपली की लोक रिकाम्या हाताने परतत. यंत्रामुळे प्रत्येक वडीचे वेढे आणि मसाला सारखा झाला. सारखेपणा आला तेव्हाच ती सीलबंद पाकिटात घालून घरातले कोणी उभे नसलेल्या दुकानात ठेवता आली.

धारवाडला याचीच दुसरी बाजू दिसते. लाइन बाजारातल्या ठाकूर पेढ्यासाठी लोक त्या एका दुकानापुढे रांग लावत. मिश्रा पेढ्याने मात्र कारखाना आणि अनेक दुकानांचा रस्ता धरून महाराष्ट्रापर्यंत मजल मारली. पेढा एकाच गावचा, निर्णय दोन. एका जागी राहणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो, त्याला मागासलेपणा म्हणू नये.

यंत्राने मिठाईच्या बाबतीत जे केले ते सोन्याच्या बाबतीत हॉलमार्कने केले. भारतीय मानक ब्यूरोची ही योजना २००० साली आली, जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेल्या प्रत्येक डागावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक सक्तीचा झाला. कसाची हमी आता सराफाच्या शब्दासोबत शिक्क्यातही आली. तो शिक्का नाशिकला, नागपूरला सारखाच. त्यामुळे अनोळखी शहरात दुकान उघडणे सोपे झाले, आणि त्याच कारणाने देशभरच्या मोठ्या साखळ्यांना आपल्या गावांत येणेही. गावच्या सराफी पेढ्यांनी शाखा वाढवल्या त्या पुष्कळदा या भीतीपोटी : आपण गेलो नाही तर ते येतील.

पुढचे टप्पे भराभर आले. चितळ्यांनी फ्रँचायझीच्या रूपाने ‘एक्सप्रेस’ दुकाने काढली. २०१७ मध्ये दुपारी एक ते चार बंद ठेवण्याची जुनी पद्धतही सोडली. गाडगीळांच्या पीएनजी ज्वेलर्सने अमेरिकेतल्या मराठी घरांच्या मागोमाग कॅलिफोर्नियात सनीव्हेलला दुकान थाटले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ११०० कोटींची समभाग विक्री केली. त्यातला काही पैसा महाराष्ट्रातल्या १२ नव्या दुकानांसाठी होता. सव्वाशे वर्षे एका गावात राहिलेल्या नावाला पुढच्या एका दमात बारा दुकाने. २०२५ मध्ये हल्दीराममध्ये सिंगापूरच्या टेमासेक या सरकारी गुंतवणूक कंपनीने हिस्सा घेतला. भावाची जागा आता भागधारकाने घेतली आहे.

मूळ गावाला यातून काय मिळाले, हे प्रत्येक धंद्यागणिक वेगळे आहे. दुकान शहरात गेले की बहुतेकदा हिशेब, जाहिरात आणि शिकलेली पुढची पिढीही तिकडेच जाते, गावाकडे फक्त जुनी पाटी राहते. दुधाचे तसे होत नाही. म्हैस भिलवडीतच राहते, वैरण तिथलीच, डेअरी अजून तिथेच आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा चढत गेली, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर पोचले, भिलवडीत घरांमध्ये पाणी शिरले, महामार्ग बंद पडला आणि कोल्हापूर-सांगलीकडून निघणारे टँकर अडकले. त्या आठवड्यात पुण्या-मुंबईच्या कित्येक दुकानांत सकाळी दुधाच्या पिशव्या आल्या नाहीत, आणि कोपऱ्यावरचा दुकानदार येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, ‘नदीला पाणी आहे हो तिकडे.’