व्यस्त तर्षण

व्यस्त तर्षण : खाऱ्या, मचूळ किंवा वापरून सोडलेल्या पाण्यावर त्याच्या तर्षण दाबापेक्षा जास्त दाब देऊन ते अर्धपार्य (पाणी जाऊ देणाऱ्या, पण क्षार अडविणाऱ्या) पटलातून पलीकडे नेण्याची व क्षार अलीकडे अडविण्याची पद्धत. ‘आरओ’ या नावाने ती सर्वपरिचित आहे. एरवी अशा पटलातून पाणी कमी क्षारांच्या बाजूकडून जास्त क्षारांच्या बाजूकडे आपोआप जाते, त्याला तर्षण म्हणतात; ते थोपविण्यास लागणारा दाब म्हणजे तर्षण दाब.

तर्षणाची पहिली नोंद सामान्यतः झां-आंत्वान नॉले यांच्या नावावर (१७४८) मांडली जाते. मद्यार्काने भरलेला, तोंड बांधलेला मूत्राशय त्यांनी पाण्यात ठेवला; पाणी आत शिरत गेले व तो फुगला. हीच वाट उलटी करायची तर मोठा दाब लागतो. लिटरमागे सु. ३५ ग्रॅ. क्षार असलेल्या समुद्राच्या पाण्याचा तर्षण दाब सु. २७ बार (१ बार म्हणजे जवळजवळ हवेच्या नेहमीच्या दाबाएवढा) भरतो. प्रत्यक्षात ५५ ते ७० बार दाब देतात, कारण गोडे पाणी निघत जाते तसे उरलेले पाणी अधिकाधिक खारट होते. मचूळ पाण्याला याहून पुष्कळ कमी दाब पुरतो.

पद्धतीचे जनकत्व कोणाचे, याविषयी लेखकांत मतभेद आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस अँजेलिस येथील शाखेत गेराल्ड हॅस्लर यांनी १९४९ च्या सुमारास सेलोफेनच्या दोन पापुद्र्यांमध्ये हवेचा पातळ थर ठेवण्याची कल्पना मांडली. मात्र तीत पाणी बाष्परूपाने पलीकडे जाते, म्हणून काही जण ती या पद्धतीत धरत नाहीत. फ्लॉरिडा विद्यापीठात चार्ल्स रीड व ई. जे. ब्रेटन यांनी सेल्युलोज ॲसिटेटचा पापुद्रा क्षार उत्तम अडवितो हे १९५९ पर्यंत दाखविले, पण त्यातून पाणी फारच मंद येई. ही अडचण लॉस अँजेलिस येथेच सिडनी लोब व श्रीनिवास सौरीराजन यांनी १९६० च्या सुमारास दूर केली. बाजारात मिळणारे पटल तापवून वापरताना त्याची एक विशिष्ट बाजू खाऱ्या पाण्याकडे असली तरच क्षार अडतात, असे त्यांना आढळले. त्यावरून त्यांनी स्वतः असममित (दोन्ही बाजूंनी सारखे नसलेले) पटल ओतले : वर मायक्रॉनहून कमी जाडीची दाट साय, खाली सच्छिद्र आधार. पाण्याचा प्रवाह रीड यांच्या पापुद्र्याच्या कित्येक पट झाला. कल्पनेचा मान कोणालाही दिला, तरी वापरण्याजोगी पद्धत या पटलापासून सुरू झाली असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. कोलिंगा (कॅलिफोर्निया) येथे मचूळ पाण्याचे संयंत्र १९६५ मध्ये चालू झाले. पुढे जॉन कॅडॉट यांच्या पॉलिअमाइड थराच्या संयुक्त पटलाने सेल्युलोज ॲसिटेट मागे टाकले. तथापि क्लोरीन पॉलिअमाइडला सोसत नाही. पाणी पटलाकडे सोडण्यापूर्वी त्यातील क्लोरीन काढून टाकावे लागते.

पाणी पटलातून नेमके कसे जाते, हा वाद अजून मिटलेला नाही. सौरीराजन यांच्या मते पृष्ठभागावर जवळजवळ शुद्ध पाण्याचा थर धरला जातो व तो सूक्ष्म छिद्रांतून ढकलला जातो. लॉन्सडेल, मर्टन व रायली (१९६५) यांच्या मते छिद्रे नसतातच. पाणी व क्षार पटलाच्या बहुवारिकात (पॉलिमरमध्ये) विरघळतात आणि स्वतंत्रपणे विसरित होतात, म्हणजे रेणू-रेणूने पसरत पलीकडे जातात. दाब वाढविला की पाण्याचा प्रवाह वाढतो, क्षारांचा जवळजवळ तेवढाच राहतो, म्हणून निघणारे पाणी अधिक गोडे होते. हा अनुभव दुसऱ्या मताशी चांगला जुळतो आणि आकडेमोड बहुधा त्यानुसारच होते. २०२३ मध्ये मेनाकेम एलिमेलेक व सहकाऱ्यांनी पुन्हा छिद्रप्रवाहाचा पक्ष उचलला : पाण्याचे रेणू समूहाने, जोडलेल्या पोकळ्यांतून, दाबातील फरकामुळे सरकतात. समीकरणांचे रूप दोन्हीकडे बरेच सारखे असल्याने संयंत्रांच्या आराखड्यात मात्र याने मोठा फरक पडत नाही.

समुद्राच्या पाण्यातून निम्मे गोडे पाणी काढण्यास घनमीटरला किमान सु. १ किलोवॉट-तास ऊर्जा लागते. संयंत्रांत ती साधारणतः ३ ते ४ असते. बाहेर पडणाऱ्या खाऱ्या पाण्याचा दाब आत येणाऱ्या पाण्याला देणारी साधने नसती, तर खर्च बराच वाढला असता. निघालेले पाणी क्षारहीन व नळांना गंजविणारे असल्याने त्यात चुना मिसळतात.

सांडपाणी पुन्हा वापरण्यासाठी व्यस्त तर्षणाच्या आधी सूक्ष्मगाळण करतात व शेवटी जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) किरण देतात. सिंगापूर (२००३ पासून) व ऑरेंज काउंटी (कॅलिफोर्निया) ही परिचित उदाहरणे होत. नामिबियातील विंडहूकचाही उल्लेख यांच्याबरोबर होतो. तेथे १९६८ पासून सांडपाण्याचे पेयजल होते हे खरे. पण ते व्यस्त तर्षणाविना.

पटल सर्वच अडविते असे नाही. बोरिक अम्ल किंवा एन-नायट्रोसोडायमिथिलअमाइन यांसारखे लहान, विद्युत्‌भाररहित रेणू काही प्रमाणात पलीकडे जातात. बोरॉनसाठी पाणी अल्कधर्मी करून दुसऱ्यांदा पटलातून नेतात. नायट्रोसो संयुग जंबुपार किरणांनी मोडते.