सव्वा युरोत पाच बोर्ड: चिनी स्वस्ताईच्या पाकिटामागचा इतिहास

परवा कपाट आवरताना एक करडं प्लॅस्टिकचं पाकीट सापडलं. आत पाच निळे बोर्ड, प्रत्येक अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा. टीपी४०५६, म्हणजे लिथियम सेल चार्ज करायचं मॉड्यूल. पाकिटावर कस्टम्सचा सीएन२२ कागद चिकटवलेला, त्यावर 'गिफ्ट'च्या चौकोनात फुली आणि किंमत एक डॉलर. हे २०१६ साली शेन्झेनहून श्टुटगार्टला माझ्या दारात आलं होतं. पाच बोर्डांचे मिळून सव्वा युरो, टपालखर्च शून्य. त्याच वर्षी गावातल्या गावात एक छोटं पार्सल पाठवायला जर्मन टपालखात्याने माझ्याकडून चारेक युरो घेतले होते.

चिनी माल स्वस्त का, असं विचारलं की 'तिकडे मजुरी स्वस्त' हे उत्तर ठरलेलं. ते खोटं नाही, पण सव्वा युरोच्या पाकिटापुरतं फार अपुरं आहे. मजुरी कितीही कमी धरली तरी नऊ हजार किलोमीटरचं भाडं त्यात बसत नाही. ते भाडं कुणीतरी भरत होतं, आणि ते कोण, हे बघायला थोडं मागं जावं लागतं.

आधी माल. ऑगस्ट १९८० मध्ये शेन्झेन विशेष आर्थिक क्षेत्र झालं. हाँगकाँगच्या सीमेला लागून असलेल्या त्या भागात तेव्हा शेती आणि मासेमारी चालायची. २०२० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या आसपास भरली. शहरातल्या ह्वाचियांगबेई भागात १९८८ साली सेग हा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार सुरू झाला. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातल्या पासोड्या विठोबाच्या आसपासची दुकानं घ्या, एकावर एक दहा मजले रचा आणि अशा इमारती रांगेने उभ्या करा, म्हणजे अंदाज येईल. गाळा दोन हातांचा, काचेखाली रेझिस्टरच्या पट्ट्या, आणि कारखाना तासाभराच्या अंतरावर. सकाळी बोर्डाचं डिझाइन द्यायचं, दोन दिवसांत नमुना हातात.

तैवानच्या मीडियाटेकने फोनची चिप आणि तिच्यावर चालणारं सॉफ्टवेअर एकत्र विकायला सुरुवात केली तेव्हा फोन बनवायला मोठी कंपनी असण्याची गरज उरली नाही. २००७ मध्ये चीन सरकारने फोन बनवण्याच्या परवान्याची अटही काढली. मग 'शानझाय' फोनांचा पूर आला. या शब्दाचा मूळ अर्थ डोंगरातलं तटबंदीचं ठाणं, म्हणजे सरकारच्या हाताबाहेरच्या बंडखोरांचा अड्डा. दोन सिमकार्डं, मोठा कर्णा, टॉर्च, आणि नाव एखाद्या बड्या ब्रँडपेक्षा एका अक्षराने वेगळं. आपल्याकडे 'चायना मोबाइल' म्हणून जत्रेत वाजायचे ते हेच.

पण हा माल परदेशातल्या गिऱ्हाइकापर्यंत एकेक नग करून जात नव्हता. जायचा तो कंटेनरने, घाऊक. किरकोळ पाठवण्याची वाट हाँगकाँगच्या डीलएक्स्ट्रीमसारख्या दुकानांनी २००० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवली: दोन डॉलरची टॉर्चसुद्धा जगात कुठेही, टपालखर्च माफ. २०१० मध्ये अलीबाबा या चिनी कंपनीने अलीएक्सप्रेस हे परदेशी गिऱ्हाइकांसाठीचं संकेतस्थळ काढलं. त्याची खरी करामत पैशाच्या व्यवहारात होती. अलीबाबाच्याच अलीपेने २००४ पासून चीनमध्ये रुळवलेली पद्धत इथेही आली: गिऱ्हाइकाचे पैसे मधल्यामध्ये थांबतात, वस्तू मिळाली असं त्याने कळवलं की विक्रेत्याला जातात. नाव न ऐकलेल्या माणसाला, न पाहिलेल्या शहरात, आधी पैसे पाठवायचं धाडस लोकांना झालं ते यामुळे.

आता टपाल. या गोष्टीचा गाभा इथे आहे, पण तो फारसा कुणी सांगत नाही, कारण विषय रुक्ष आहे. ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे २२ देशांनी एक करार केला. त्यातून निघालेली संस्था म्हणजे आजची जागतिक टपाल संघटना. (९ ऑक्टोबर हा टपाल दिन त्यामुळेच.) भारत तिच्यात १८७६ साली आला, चीन १९१४ साली. करारातला व्यवहार साधा होता: पत्र जिथून निघतं तिथलं खातं तिकिटाचे पैसे ठेवून घेईल आणि पोहोचतं तिथलं खातं ते फुकट वाटेल. एका पत्राला एक उत्तर येतंच, तेव्हा शेवटी फिटंफाट.

हे गृहीतक जवळजवळ शंभर वर्षं चाललं. मग काही देश नुसतेच वाटत बसले आणि काही नुसतेच पाठवत, तेव्हा १९६९ च्या टोकियो अधिवेशनात ठरलं की ज्याच्याकडून जास्त टपाल येतं त्याने वाटपाची भरपाई द्यावी. पुढे या भरपाईचे दर देशांच्या ऐपतीप्रमाणे लागले. गरीब देशांना कमी, श्रीमंतांना जास्त. चीन विकसनशील गटात होता. शिवाय दोन किलोपर्यंतचं छोटं पाकीट पार्सलमध्ये नव्हे, पत्रांच्या वर्गात धरलं जायचं. ज्यांनी हे लिहिलं त्यांच्या डोळ्यांपुढे पुस्तक, फोटो, मावशीने विणलेला स्वेटर असणार. चार्जिंगचे बोर्ड नव्हते.

विक्रेत्यांना ही फट सापडली आणि शेन्झेनचा बोर्ड 'पत्र' होऊन निघाला. श्टुटगार्टचा पोस्टमन तो माझ्या दारात आणायचा, त्याबद्दल जर्मन टपालाला चीनकडून मिळायचे ते इथल्या दराच्या मानाने किरकोळ. फरक भरून काढत होते इथली पार्सलं पाठवणारे बाकीचे लोक, म्हणजे चारेक युरो मोजणारा मीसुद्धा. अमेरिकेने तर २०१० मध्ये चिनी टपालाशी वेगळा करार करून 'ईपॅकेट' सुरू केलं: दोन किलोपर्यंतचं पाकीट, ट्रॅकिंगसकट, स्वस्तात. २०१५ साली अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे ॲमेझॉनच्या प्रतिनिधीने हिशेब मांडला की एक पौंडाचं पाकीट साउथ कॅरोलायनाहून न्यूयॉर्कला धाडायला जवळपास सहा डॉलर पडतात आणि चीनहून न्यूयॉर्कला ३.६६ डॉलर. तक्रार करणारेही कोण, तर ॲमेझॉनवाले. पण आकड्याला पर्याय नाही.

दुसरी फट कराची. युरोपात २२ युरोंपर्यंतच्या आयात मालावर व्हॅट माफ होता. जर्मनीत पाच युरोंपेक्षा कमी कर वसूल करायचा नाही असाही नियम होता, म्हणून प्रत्यक्षात सव्वीस युरोंपर्यंत मोकळं रान. इलेक्ट्रॉनिक्सवर आयातशुल्क फारसं आडवं येतच नव्हतं: १९९६ च्या माहिती तंत्रज्ञान कराराने संगणक, फोन आणि त्यांचे बरेच सुटे भाग शुल्कमुक्त झाले होते. वाचायचा तो व्हॅट, जर्मनीत १९ टक्के. विक्रेते म्हणून किंमत कमी लिहायचे आणि 'गिफ्ट'वर फुली मारायचे. त्या काळात शेन्झेनमधल्या किती अनोळखी लोकांनी मला भेटी पाठवल्या, मोजदाद नाही.

कस्टम्सला जर्मनमध्ये त्सोल म्हणतात. इथल्या मराठी मंडळींच्या तोंडी त्याचा 'झोल' होतो, आणि अर्थही बऱ्यापैकी बसतो. एकदा चाळीस युरोंचा ऑसिलोस्कोपचा किट अडकला. घरी पत्र आलं, मग शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीतलं कार्यालय, नंबराचं टोकन, बाकावर तासभर. काउंटरवरच्या बाईंनी कटर माझ्या हातात दिला: खोका तुम्हीच उघडायचा. पैसे भरल्याचा कागद त्यांनी बघितला, मग वस्तू उलटीपालटी करून सीई चिन्ह, म्हणजे वस्तू युरोपीय नियमांत बसते अशी खूण, शोधलं. ते नसेल तर प्रकरण दूरसंचार नियामकाकडे जातं आणि वस्तू बहुधा परत तरी जाते किंवा नष्ट तरी होते. माझ्या किटवर चिन्ह होतं. खरं की नुसतं छापलेलं, हे बाईंनी विचारलं नाही आणि मीही सांगायला गेलो नाही.

स्वस्ताईची ही बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १८६५० नावाचा सेल, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, त्यात आजही साधारण ३५०० मिलिअँपिअर-तासांच्या वर फारसं काही मावत नाही. बाजारात मात्र ९९०० लिहिलेले सेल राजरोस मिळायचे. दोन टेराबाइटचा दहा युरोंचा पेनड्राइव्ह भरत जातो, भरत जातो, आणि मागचं पुसून त्यावरच लिहीत राहतो. ऑक्टोबर २०१४ मधला प्रसंग तर शौकीन लोक अजून विसरलेले नाहीत. एफटीडीआय या स्कॉटिश कंपनीच्या यूएसबी चिपच्या नकला चिनी बोर्डांत सर्रास असायच्या. कंपनीने विंडोजच्या अपडेटमधून असा ड्रायव्हर पाठवला की नक्कल चिप संगणकाला ओळखूच येईना. घरोघरचे बोर्ड रातोरात मुके झाले. बोंब झाल्यावर तो मागे घेतला. पण त्यानंतर स्वस्त बोर्ड बनवणारे नानजिंगच्या एका कंपनीच्या सीएच३४० या चिपकडे अधिकच वळले, आणि ती नक्कल नव्हती, स्वतःची होती. त्याच वर्षी शांघायच्या एस्प्रेसिफची ईएसपी८२६६ ही वायफायची चिप काही डॉलरांत मिळू लागली. तिची माहितीपत्रकं चिनी भाषेत, तरी जगभरच्या हौशी लोकांनी भाषांतरं करून ती चालवली. नकलांच्या गल्लीतूनच हेही आलं, हे नोंदवायला हवं.

फटी बुजायला सुरुवात झाली ती उत्तरेकडून. १ मार्च २०१८ पासून स्वीडनच्या टपालाने युरोपीय संघाबाहेरच्या पाकिटांवर व्हॅट आणि वर ७५ क्रोनर हाताळणी लावली. दहा क्रोनरच्या केबलवर ७५ क्रोनर! स्टॉकहोमचा माझा एक मित्र तेव्हापासून अशी पाकिटं माझ्या पत्त्यावर मागवू लागला. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रम्प सरकारने टपाल संघटनेतून बाहेर पडण्याची वर्षभराची नोटीस दिली. मुदत संपायच्या आत, सप्टेंबर २०१९ मध्ये, जिनिव्हात खास अधिवेशन भरलं आणि तोड निघाली: देशांना भरपाईचे दर स्वतः ठरवता येतील, अमेरिकेला जुलै २०२० पासून, इतरांना त्यानंतर टप्प्याटप्प्याने. 'पत्र' म्हणून प्रवास करण्याचा काळ तिथे संपत आला. मधे कोविडने विमानंच बंद पाडली आणि तीस दिवसांची वाट नव्वदवर गेली. १ जुलै २०२१ ला युरोपातली २२ युरोंची माफीही गेली. १५० युरोंपर्यंतच्या मालावरचा व्हॅट विक्रीच्या वेळीच संकेतस्थळाकडून घ्यायची सोय झाली.

गंमत अशी, की यानंतर पाकिटं कमी झाली नाहीत, वाढली. मोठ्या कंपन्यांनी टपाल सोडून स्वतःची व्यवस्था उभारली. अलीबाबाच्या छायन्याओ या मालवाहतूक कंपनीने बेल्जियममधल्या लिएज विमानतळावर २०२१ मध्ये केंद्र उघडलं, मालवाहू विमानं भरून येऊ लागली. २०२२ मध्ये टेमू हे स्वस्त खरेदीचं चिनी संकेतस्थळ अमेरिकेत आणि पुढच्या वर्षी युरोपात उतरलं. २०२४ साली युरोपीय संघात कमी किमतीची ४६० कोटी पाकिटं आली, दिवसाला सव्वा कोटीच्या घरात, त्यातली ९१ टक्के चीनहून. त्सोलच्या कुठल्या बाईंनी किती खोके उघडायचे?

अमेरिकेत आयातशुल्काच्या माफीची मर्यादा २०१६ पासून तब्बल ८०० डॉलर होती. चीन आणि हाँगकाँगसाठी ती २ मे २०२५ ला गेली, २९ ऑगस्टला सगळ्या जगासाठी. त्याचा फटका बसला चकल्यांना. नवे शुल्क कुणी कसं गोळा करायचं याचा उलगडा होईना म्हणून भारतीय टपालखात्याने ऑगस्टअखेर अमेरिकेची पार्सलं थांबवली आणि ती १५ ऑक्टोबरला, दिवाळी जेमतेम आठवड्यावर आलेली असताना, पुन्हा सुरू झाली. न्यू जर्सीतल्या लेकीला टपालाने फराळ पाठवणाऱ्या आईला शेन्झेनशी आपला संबंध काय, हे कुणी समजावलं असेल?

भारतात दार आधीच लागलं होतं. पूर्वी पुण्यातला माझा धाकटा भाऊ स्वतःच मागवायचा. पाच हजार रुपयांपर्यंतची 'भेट' शुल्कमुक्त यायची. डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने ती सवलत काढली, अपवाद फक्त जीवरक्षक औषधांचा आणि राखीचा. राखीचाच, राखीबरोबरच्या भेटीचा नव्हे, असं अधिसूचनेत स्पष्ट लिहिलंय. गलवाननंतर ॲपबंदीच्या लाटा आल्या आणि २४ नोव्हेंबर २०२० च्या ४३ नावांच्या यादीत अलीएक्सप्रेसही होतं. तेव्हापासून माझ्या सुटकेसचा एक कोपरा भावाचा. दर खेपेला त्याची यादी यायची: सेन्सर, छोट्या मोटरी, स्क्रीन. चॉकलेटं त्यांच्या खाली.

डिसेंबर २०२५ मध्ये युरोपच्या अर्थमंत्र्यांनी ठरवलं की १ जुलै २०२६ पासून १५० युरोंखालच्या पाकिटातल्या प्रत्येक प्रकारच्या वस्तूमागे तीन युरो शुल्क लागेल. म्हणजे माझ्या सव्वा युरोच्या बोर्डांवर तीन युरो शुल्क, वर व्हॅट. भावाला हे फोनवर सांगितलं तर तो हसत सुटला. बुधवार पेठेत तोच बोर्ड पन्नास रुपयांच्या आत मिळतो. तिथे तो कंटेनरने येतो, घाऊक, रीतसर शुल्क भरून.

"अरे दादा, यादी पाठव," म्हणाला. "येताना घेऊन येतो."